कुंकू, जांभा आणि एक शाई

आषाढात कोकणातला कुठलाही गडगा, म्हणजे दगडांची कुंपणभिंत, बघा. खाली ओला लाल जांभा, त्याच्या खाचांत शेवाळ, वरून लोंबणारे नेचे आणि मागं भाताच्या खाचरांचा हिरवा. याचा फोटो काढायला फार कसब लागत नाही, फोनही तो चांगला काढतो. आता हाच फोटो गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत आतल्या एकरंगी पानावर घ्यायचा म्हणून संगणकावर एका क्लिकमध्ये काळापांढरा करा. गडगा नाहीसा होतो. दगड कुठं संपला आणि नेचा कुठं सुरू झाला ते कळत नाही. सगळ्याची मिळून राखाडी पेज होते.

यात फोटो काढणाऱ्याचा दोष नाही आणि छापखान्याचा तर अजून संबंधच आलेला नाही. हिशेबच तसा आहे. डिजिटल फोटोतला प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी लिहिलेला असतो, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. ओल्या जांभ्याचा एक नमुना घेऊ: लाल १५०, हिरवा ७५, निळा ५०. शेजारच्या पानाचा घेऊ: लाल ७०, हिरवा ११५, निळा ४५. रंग काढण्याचं सगळ्यात रुळलेलं सूत्र टीव्हीच्या जमान्यातलं आहे. लालाचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७ आणि निळ्याचे ०.११४ भाग घ्यायचे आणि बेरीज करायची. जांभ्याचं उत्तर येतं ९५. पानाचं येतं ९४.

एका पायरीचा फरक. छापलेल्या कागदावर तो कुणालाच दिसणार नाही.

सूत्र चुकीचं नाही. माणसाच्या डोळ्याला उजेडात ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळट हिरवा सगळ्यात तेजस्वी वाटतो, निळा सगळ्यात मंद. म्हणून हिरव्याला झुकतं माप. पुढं हाय डेफिनिशन टीव्हीसाठी आलेल्या सूत्रात ते माप आणखी झुकलं: ०.२१२६, ०.७१५२, ०.०७२२. फोटोशॉपमध्ये नुसता मोड बदलून ग्रेस्केल, म्हणजे फक्त राखाडी छटांचं, केलं तर तिथं हिशेब कलर प्रोफाइलवरून होतो, पण कौल साधारण याच बाजूनं पडतो. हे सगळे हिशेब एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: ही जागा किती उजळ आहे? आणि खरंच, पावसातला जांभा आणि पान जवळपास सारखेच उजळ असतात. आपण त्यांना वेगळं ओळखतो ते रंगावरून. तो रंगच काढून घेतल्यावर सूत्र तरी काय करणार?

म्हणून रंग काढणं हे निवाड्याचं काम आहे. कोण उजळ राहील आणि कोण गडद होईल हे कुणीतरी ठरवावं लागतं. आपण नाही ठरवलं तर सूत्र ठरवतं, आणि सूत्रानं गडगा कधी पाहिलेला नाही.

निवाडा करायची जागा म्हणजे चॅनेल. फोटोशॉपमध्ये चॅनेल्सची खिडकी उघडून लाल, हिरवा, निळा हे तिन्ही एकेकटे बघावेत. प्रत्येक चॅनेल हा मुळात एक तयार काळापांढरा फोटोच असतो. आपल्या गडग्याचा लाल चॅनेल उघडला की जांभा १५० वर आणि पान ७० वर, म्हणजे दगड उजळ आणि झाडोरा गडद. हिरव्या चॅनेलमध्ये उलटं: दगड ७५, पान ११५. एकाच फोटोत दोन वेगळ्या वेळा दिसाव्यात तसं वाटतं. एकात उघडीप पडून दगड तापलेला, दुसऱ्यात आभाळ भरून पानं तेवढी चमकणारी.

बहुतेक वेळा नुसता एक चॅनेल घेऊन भागत नाही, कारण चित्र भडक होतं. चॅनेल मिक्सरमध्ये जाऊन मोनोक्रोमवर खूण करायची आणि तिघांचे वाटे ठरवायचे. बेरीज १०० च्या आसपास ठेवली की एकूण उजेड बिघडत नाही. लाल ६०, हिरवा ४०, निळा ० असं घेतलं तर जांभा १२० वर येतो आणि पान ८८ वर. बत्तीस पायऱ्यांचं अंतर पडलं, गडगा परत उभा राहिला. गिंप या फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम कलर्स मेनूतल्या डिसॅच्युरेटखालचा मोनो मिक्सर करतो, तोही फुकटात.

फोटोशॉपमधली ब्लॅक अँड व्हाइट ही सोय जास्त लाडकी आहे, कारण तिथं तीनऐवजी सहा स्लायडर मिळतात. पण ती उघडल्यावर आपोआप येणारे आकडे एकदा नीट वाचा: लाल ४०, पिवळा ६०, हिरवा ४०. लाल आणि हिरव्याला सारखंच माप. कोकणासाठी याहून वाईट सुरुवात शोधून सापडायची नाही. आणखी एक खोच अशी की भाताची कोवळी रोपं आपल्याला हिरवीगार दिसली तरी संगणकाच्या लेखी त्यांत पिवळा बराच असतो, त्यामुळं हिरवा स्लायडर कितीही ओढला तरी शेत जागचं हलत नाही आणि पिवळा जरा हलवला की सगळी खाचरं उजळतात. हे ठाऊक नसेल तर माणूस अर्धा तास चुकीच्या दोरीला ओढत बसतो.

डिसॅच्युरेट नावाची आज्ञा मात्र छपाईच्या कामात वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. फोटोशॉपमध्ये ती तीन आकड्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान घेऊन मधला काढते. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही १२८ वर येतात. हळद आणि शाळेचा गडद निळा गणवेश एकाच रंगाचे करणाऱ्या आज्ञेवर काय विश्वास ठेवायचा?

लाल चॅनेलचा एवढा गोडवा गायल्यावर त्याचा सापळाही सांगायला हवा. लाल चॅनेलमध्ये माणसांचे चेहरे उजळ आणि तुकतुकीत दिसतात, डाग-वांग नाहीसे होतात. कुलवृत्तांताचं काम करणाऱ्याला हा मोह हमखास पडतो, शेकडो चेहरे आणि प्रत्येकाच्या घरच्यांना आपलं माणूस ‘छान’ दिसायला हवं. पण आकडे बघा. गव्हाळ कपाळ: लाल १७०, हिरवा १२०, निळा ९५. कुंकू: लाल १८०, हिरवा २०, निळा ४०. लाल चॅनेलमध्ये कपाळ १७० आणि कुंकू १८०. म्हणजे कुंकू पुसलं गेलं. नवरा शेजारी बसलेला, खाली ‘सौ.’ छापलेलं आणि कपाळ मोकळं. अशा पुस्तकाच्या प्रकाशनाला कोण काय बोलेल याची कल्पना कुठल्याही कोकणी घरात वाढलेल्या माणसाला करता येईल.

हिरव्या चॅनेलमध्ये तेच कपाळ १२० आणि कुंकू २०, ठसठशीत. चेहऱ्यांसाठी लाल ४०, हिरवा ५०, निळा १० हे मिश्रण सुरुवातीला घेऊन बघावं. कपाळ १३७ च्या जवळ येतं, कुंकू ८६ वर, नजरेत भरेल एवढं अंतर राहतं. लाल ६०, हिरवा ४०, निळा ० केलं तर अंतर ३४ उरतं, त्यापुढं गेलं की टिकली पुसट होत जाते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना आणि फिल्मला लाल दिसतच नसे. त्यामुळं त्या काळच्या फोटोंत कुंकू जवळपास काळं येतं. कुंकवाच्या बाबतीत ती फिल्म आजच्या लाल चॅनेलच्या बरोबर विरुद्ध टोकाला.

आणि गोरं करण्याच्या हौसेबद्दल एक शब्द. समुद्रावर उन्हात राबलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरच्या रेषा हिरव्या चॅनेलमध्ये असतात. लाल वाढवून त्या पुसल्या की उरतो तो पासपोर्टचा फोटो. तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, तांडेलासारखंच दिसू द्यावं.

खरी पंचाईत होते ती एकाच फोटोत गडगा आणि गडग्यापुढं उभी आजी असते तेव्हा. दगडाला लाल वाटा हवा, कुंकवाला हिरवा. इथं एक मिश्रण पुरणार नाही. दोन ॲडजस्टमेंट लेयर, म्हणजे मूळ फोटोला हात न लावता वरून बदल करणारे थर, करायचे, एक दगडाच्या हिशेबानं आणि एक चेहऱ्याच्या, आणि चेहऱ्याच्या लेयरला मास्क (बाकीचा भाग झाकणारं आवरण) लावून तो आजीपुरता ठेवायचा. मास्कची कड मऊ ठेवावी, नाहीतर आजी कातरून चिकटवल्यासारखी दिसते. शेंदूर फासलेल्या मारुतीचं गणित कुंकवाच्याच घराण्यातलं: लाल चॅनेलमध्ये शेंदूर पांढराफटक होतो आणि देवाचे डोळे तेवढे तरंगत राहतात. हिरव्यावर भर द्यायचा की रूप परत येतं.

हापूसची तऱ्हा वेगळी. झाडावर असेल तेव्हा अडचण नाही, पिकलं फळ साध्या सूत्रानंही १७० च्या पुढं जातं आणि पान ७० च्या आसपास राहतं. अडचण पेटीत. पेंढ्यावर ठेवलेला आंबा १७२ आणि पेंढा १८७, दोन्ही फिकट. छापून आल्यावर देवगडचा हापूस आहे की बटाटा हे मथळा वाचून ठरवावं लागतं. इथं निळा चॅनेल मदतीला येतो, कारण पिवळ्या-केशरी वस्तूंत निळा जवळपास नसतोच: आंब्याचा निळा ४०, पेंढ्याचा १२०. लाल ३०, हिरवा ३०, निळा ४० घेतलं की आंबा १३६ वर आणि पेंढा १६८ वर. आंबा गडद झाला, पण गोल झाला, त्याला वजन आलं. पिकल्या रतांब्याला (कोकमाच्या फळाला) उलट लाल चॅनेल लागतो, कारण तो आणि त्याचं गडद पान सूत्रात साठ-सत्तरच्या घरात एकत्र नांदतात.

निळा चॅनेल मात्र जपून वापरावा, विशेषतः फोटो व्हॉट्सॲपवरून आला असेल तर. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर निम्मे बिंदू हिरव्यासाठी असतात आणि लाल व निळ्यासाठी पाव-पाव. म्हणून हिरवा चॅनेल सगळ्यात स्वच्छ असतो आणि निळ्यात खर, म्हणजे बारीक दाणे, दिसते. त्यावर जेपेग करताना उजेडाची माहिती जशीच्या तशी ठेवून रंगाची माहिती बऱ्याचदा आडवी-उभी निम्म्यावर आणली जाते. रंगीत फोटोत हे कळत नाही. पण निळ्याचा वाटा ४० टक्क्यांवर नेला की चौकोनी ठोकळे आभाळात आणि गालावर उगवतात. फोटो मागतानाच ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगितलं तर पुढचा अर्धा त्रास वाचतो. हे वाक्य प्रत्येक स्मरणिका समितीनं आपल्या पहिल्याच निरोपात लिहावं.

आभाळ आणि दर्या यांचं जमवणं त्या मानानं सोपं. निळं आभाळ आणि पांढरा ढग लाल चॅनेलमध्ये फटकून वेगळे होतात, ढग २४० आणि आभाळ १२०. पूर्वी भिंगावर लाल किंवा पिवळी काच लावून हेच करत. चुन्यानं रंगवलेली दीपमाळ आभाळात विरघळत असेल तर हाच उपाय.

कातळशिल्पांना यातलं फारसं काही लागू पडत नाही. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आणि उक्षी, कशेळी, कुडोपी ही नावं स्मरणिकांपर्यंत पोचली. पण सड्यावरचा, म्हणजे उघड्या पठारावरचा, कातळ आणि त्यात कोरलेली रेघ यांचा रंग एकच. वेगळी असते ती फक्त खोबणीतली सावली. भर दुपारी काढलेल्या फोटोतून कुठलाही चॅनेल कोरलेला हत्ती बाहेर काढू शकणार नाही. सकाळी ऊन तिरपं असताना काढलेला फोटो मागावा. खोबणीत शेवाळ किंवा बारीक गवत उगवलं असेल तेवढ्यापुरता लाल चॅनेल उपयोगी, कारण तो हिरवं गडद करतो आणि रेघ आपोआप ठळक होते.

काही चित्रं मात्र काळीपांढरी करूच नयेत, निदान जशीच्या तशी. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या खेळात, १२० पानं असतात, दहा अवतारांची बारा-बारा, आणि कुठलं पान कुठल्या अवताराचं ते पार्श्वभूमीच्या रंगावरूनही ओळखतात. दहा रंगांचे दहा वेगळे राखाडी करता येत नाहीत. कागदावर डोळा खात्रीनं ओळखतो असे चार-पाच टप्पेच: कोरा कागद, मग साधारण १५, ३५, ६० आणि ८५ टक्के शाई. गंजिफा छापायचा तर प्रत्येक पानाखाली अवताराचं नाव घाला आणि राखाडीकडून ओळखीची अपेक्षा सोडा.

हेच नकाशाला, आणि तिथं चूक महागात पडते. पावसाळ्यात हवामान खात्याच्या इशाऱ्यांचा रंगीत नकाशा साप्ताहिकं काळापांढरा करून छापतात. शुद्ध लाल, म्हणजे २५५, ०, ०, सूत्रात ७६ वर येतो. गडद हिरवा, ०, १२८, ०, येतो ७५ वर. रेड अलर्ट असलेला जिल्हा आणि काहीच इशारा नसलेला जिल्हा छापात हुबेहूब सारखे! नारिंगी १७३, पिवळा २२६, म्हणजे सगळ्यात मोठा धोका आणि धोका नसणं एका रंगात, आणि मधले दोन फिकट. असा नकाशा रूपांतरित करू नये, नव्यानं काढावा. तिरप्या रेघा, ठिपके, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे जिल्ह्यावरच ‘रेड’ हा शब्द.

जुन्या फोटोंची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण इथं बहुतेकजण पहिल्याच पायरीवर चुकतात. पणजोबांचा फोटो मुळात काळापांढरा, म्हणून स्कॅनरवर ग्रे निवडतात. तसं करू नये. जुना फोटो आता काळापांढरा राहिलेला नसतो. तो पिवळट झालेला असतो, कोकणातल्या दमटपणानं त्यावर तपकिरी बुरशीचे डाग पडलेले असतात, मागून कुणीतरी निळ्या शाईत नाव लिहिलेलं असतं. रंगीत स्कॅन केलं, आणि छोटा फोटो असेल तर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), की हे सगळे दोष वेगवेगळ्या चॅनेलमध्ये जाऊन बसतात. पिवळे-तपकिरी डाग निळ्यात सर्वांत गडद आणि लालात सर्वांत फिकट. नुसता लाल चॅनेल उचलला तर निम्मे डाग न पुसताच जातात. निळी शाई उलट लालात गडद दिसते, ती निळ्यात फिकी पडते. फोटो इतका फिका पडला असेल की चेहराच दिसत नाही, तर निळा चॅनेल बघावा, उरलासुरला तपशील तिथं सापडतो. मोडीतल्या जुन्या कागदांवरची तपकिरी पडलेली शाईही तिथंच वाचता येते. ग्रेमध्ये स्कॅन केलं असतं तर स्कॅनरनं हे तिन्ही एकत्र कालवून दिलं असतं. आणि फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर तो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा.

इथवर पडद्यावरचं काम झालं. आता कागद.

छापखान्यात राखाडी शाई नसते. मशीनला दोनच गोष्टी येतात, काळी शाई लावणं आणि न लावणं. राखाडी दिसतं ते बारीक-मोठ्या ठिपक्यांमुळं, आणि ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली. (पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला पत्र काढलं, त्याचं नाव ‘दर्पण’. फोटोग्राफी जगाला जाहीर झाली ती १८३९ साली. आरसा आधी आला आणि प्रतिमा मागाहून.) ठिपक्यांच्या ओळी इंचाला किती यावर स्क्रीन ठरते: न्यूजप्रिंटला (वर्तमानपत्राच्या कागदाला) ८५ ते १००, मॅपलिथोला (पुस्तकाच्या साध्या कागदाला) १२० ते १३३, आर्ट पेपरला (गुळगुळीत कागदाला) १५० ते १७५. एकरंगी कामात ओळी ४५ अंशांत ठेवतात, त्या कोनात त्या सर्वांत कमी जाणवतात. फोटोत मासेमारीचं जाळं किंवा मंगळुरी कौलांच्या रांगा असतील तर त्यांच्या रेघा आणि या ओळी एकमेकींत अडकून लहरी उमटतात. तिथं फोटोचा आकार जरा बदलून बघायचा किंवा जाळ्यापुरता फोटो किंचित मऊ करायचा.

फोटोला पिक्सेल किती लागतात? स्क्रीनच्या दीड ते दोन पट. १३३ च्या स्क्रीनला २६६, म्हणजे साडेचार इंच रुंद फोटोला साधारण १२०० पिक्सेल. त्याहून जास्त दिल्यानं छपाई सुधारत नाही, फाइल तेवढी जड होते.

लहान छापखान्यात लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपरवर प्रत काढून त्यावरून प्लेट करतात, तिथं आणखी एक गणित आडवं येतं. ६०० डीपीआयच्या प्रिंटरला ८५ ची स्क्रीन दिली तर एका ठिपक्याच्या वाट्याला सात बाय सात जागा येतात, म्हणजे कोरा धरून ५० छटा. २५६ छटांचा फोटो ५० मध्ये कोंबला की आभाळात पायऱ्या दिसू लागतात. १२०० डीपीआयला हीच संख्या २०० च्या जवळ जाते. २४०० वर काढलेली सीटीपी (संगणकावरून थेट होणारी) प्लेट बाहेरून आणली तर १५० च्या स्क्रीनलाही सगळ्या छटा मिळतात. पन्नास छटाच मिळणार असतील तर धुक्यातला सूर्यास्त छापायचा हट्ट धरू नये. चेहरे, होड्या, ठळक उजेड-सावलीची देवळं घ्यावीत.

आणि ठिपका फुगतो. ओली शाई कागदात पसरते, त्यामुळं ५० टक्क्यांचा ठिपका साध्या कागदावर ७० टक्क्यांसारखा दिसतो आणि न्यूजप्रिंटवर ८० च्या जवळ जातो. फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये ग्रेसाठी डॉट गेन २० टक्के, ३० टक्के असे पर्याय असतात ते यासाठी. २० धरून केलेला फोटो ३० नं फुगणाऱ्या कागदावर गेला की काळवंडतो. मशीनवरचा माणूस ताव हातात घेऊन ‘फोटो काळो येतलो हां’ असं म्हणतो तेव्हा तो हेच सांगत असतो, आणि तोवर प्लेट झालेली असते.

टोकंही आधीच आवरून घ्यावी लागतात. मॅपलिथोवर ९० टक्क्यांपुढचे ठिपके भरून एकच काळं होतं, न्यूजप्रिंटवर ८५ पासूनच. फोटोशॉपच्या लेव्हल्समधल्या आउटपुटच्या पट्टीत काळ्या टोकाला मॅपलिथोसाठी २५ आणि न्यूजप्रिंटसाठी ३८ द्यायचे, पांढऱ्या टोकाला २४२ च्या आसपास. तो पाच टक्क्यांचा बारीक ठिपका उजळ भागात राहिला नाही तर आभाळ पानाच्या कोऱ्या जागेत सांडतं आणि फोटोची वरची कडच हरवते. लाटेवरची चमक तेवढी कोरी चालते. धार काढायची ती आकार पक्का झाल्यावर, ग्रेस्केलवर. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) अनशार्प मास्क १२० ते १५० टक्के, त्रिज्या दीड पिक्सेल, थ्रेशोल्ड ३. पडद्यावर जरा जास्तच टोकदार वाटलं पाहिजे, ठिपके त्यातलं थोडं खातात.

वेळही आपल्या बाजूनं नसते. स्मरणिका छापतात त्या श्रावणात. कागदाला हवेत साधारण ५० टक्के आर्द्रता मानवते, आपल्याकडं पावसात ती ८५ च्या वर असते. रीम उघडून ठेवली की तावाच्या कडा लाटा धरतात, कागद तंतूंच्या आडव्या दिशेला फुगतो. एकरंगी कामात चार रंग एकमेकांवर बसवायचे नसल्यानं हे खपून जातं, पण शाई वाळत नाही. रात्रीच्या दर्याचा काळाभोर फोटो छापून ताव एकावर एक रचले की वरच्याच्या पाठीवर खालचा दर्या उठतो. काळी टोकं ९० वर आवरण्याचं हे दुसरं कारण, आणि पावसाळ्यात तेच पहिलं. रीम मशीनवर घेईपर्यंत तिचं वेष्टण फोडू नये.

सगळ्यात चिडवणारी चूक मात्र यातली कुठलीच नसते. फोटो पडद्यावर काळापांढरा दिसतो, पण फाइल आतून आरजीबीच (लाल-हिरवा-निळा अशी रंगीतच) राहिलेली असते. ब्लॅक अँड व्हाइटचा लेयर लावला म्हणून मोड बदलत नाही. पीडीएफ होताना त्या करड्याचे चार शाईंत तुकडे पडतात, आणि छापायची असते एकच प्लेट. काळ्या प्लेटवर येतो तो नुसता सांगाडा, गडद सावल्या तेवढ्या. बाकीचा चेहरा उरलेल्या तीन प्लेटांबरोबर गेला. फोटो भुतासारखा फिका छापून येतो आणि सगळे शाईला दोष देतात. म्हणून लेयर एकत्र करून मोड ग्रेस्केलच करायचा, टिफ करून ठेवायचं, रंगीत मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये. कोरलड्रॉत पान लावत असाल तर बिटमॅप मेनूतून ८ बिट ग्रेस्केल. इनडिझाइनमध्ये सेपरेशन्स प्रिव्ह्यू उघडून काळा सोडून बाकी तिघं बंद करावेत. फोटो जसाच्या तसा राहिला तर ठीक. मग काळाही बंद करून बघावा. काही म्हणजे काही दिसता कामा नये.

ठिपका किती फुगतो हे मोजायला आपल्याकडं डेन्सिटोमीटर हे शाईचा गडदपणा मोजणारं यंत्र नसतं. पण ५, १०, २० असं करत १०० टक्क्यांपर्यंत चौकोनांची एक पट्टी करता येते, आणि त्याच छापखान्यात त्याच कागदावर आधी होणाऱ्या एखाद्या किरकोळ कामाच्या, पावती पुस्तकाच्या किंवा पत्रिकेच्या, कापून जाणाऱ्या मार्जिनमध्ये ती घालायला सांगता येते. लगेच बघू नये, वाळताना काळा थोडा उतरतो. दुसऱ्या दिवशी पडवीच्या उजेडात धरून बघावं, ८० आणि ९० वेगळे आहेत की एक झाले, ५ चा चौकोन उमटला की गेला. मग त्या पट्टीच्या मागं पेन्सिलीनं कागदाचं नाव, मशीन आणि तारीख लिहून ती ठेवून द्यावी. पावसात छापलेली आणि मार्गशीर्षात छापलेली अशा दोन्ही.